गाडीचा चौथा दरवाजा

एकदा एक व्यापारी आपल्या गुरूंकडे एक प्रश्न घेऊन गेला. गुरूंकडे लोक सहसा मनःशांतीचा, कर्तव्याचा, क्वचित मोक्षाचा प्रश्न नेतात. या व्यापाऱ्याचा प्रश्न मोटारगाडीचा होता. कोणती घ्यावी, एवढाच.

गुरू म्हणजे कुणी मठाधिपती नव्हते. कृष्णाकाठच्या त्या शहरातल्या एका शाळेत त्यांनी उभी हयात मुलांना खेळ शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांची सकाळ आणि संध्याकाळ शाळेच्या मैदानावरच जाई. पांढरी विजार, कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. सगळे शहर त्यांना नुसते 'सर' म्हणे. नाव जोडण्याची गरज कुणाला वाटत नसे. व्यापारी शाळकरी वयात त्यांच्या खो-खोच्या संघात होता. आता त्याचे पंप आणि पाइपांचे मोठे दुकान होते, बाजारपेठेत लोक त्याला हेमंतशेठ म्हणत. सर मात्र त्याला अजूनही 'हेमंता' अशीच हाक मारत, आणि ती हाक ऐकली की त्याचे खांदे आपोआप ताठ होत.

व्यापाऱ्याला तीन मुले. थोरली शाल्मली हॉकीत गोलरक्षक. मधला इंद्रजित क्रिकेट खेळे. धाकटा तन्मय स्केटिंगला जाई. मुलांच्या आईला जाऊन वर्ष उलटून गेले होते. आजार अचानक आला, आणि त्याने दिलेला अवधी फार थोडा होता. त्यानंतर व्यापाऱ्याने दुकान चुकवले नाही, मुलांचा डबा चुकवला नाही, सकाळचे मैदान चुकवले नाही. आपण काहीच चुकवत नाही म्हणजे घर नीट चालले आहे, असे त्याला वाटे.

पण सकाळची गाडी काही नीट चालत नव्हती. गाडी जुनी, लहान, पाच जणांची. मागच्या आसनावर तिन्ही भावंडे, आणि त्यांच्या मांड्यांवर, पायांशी, खांद्यांमागे सामान. गोलरक्षकाचे सामान म्हणजे थोडेथोडके नसते. पायांना बांधायचे जाड पॅड, छातीचे कवच, जाळीचे शिरस्त्राण आणि हे सारे कोंबलेली आडवी-तिडवी पिशवी. डिकीचा आकार असा, की पिशवी आत गेली तर झाकण लागत नसे. त्यात मुले वाढत होती. दर सहा महिन्यांनी कुणाचे तरी गुडघे पुढे येत आणि कुणाची तरी कोपरे रुंदावत.

"इंद्रा, तुझी बॅट माझ्या बरगडीत घुसतेय."

"कवच घाल ना मग. गोलकीपर कशाला झालीस?"

"बाबा, ताईची पिशवी माझ्या पायावर आहे. मला पाय आहेत का नाहीत तेच कळत नाहीये."

व्यापारी समोर बघून गाडी चालवी आणि म्हणे, "पोहोचलोच."

मग एके दिवशी जेवताना शाल्मली म्हणाली, "बाबा, मी हॉकी सोडते."

राज्य संघाची निवड चाचणी महिन्यावर आली होती. जिल्ह्यातून तिचे एकटीचे नाव गेले होते. व्यापाऱ्याच्या हातातला घास तिथेच थांबला. "का गं?"

"माझ्या सामानाला जागाच नाहीये." तिने ताटातली भाजी भाताखाली सारली. "रोज सगळ्यांची भांडणं होतात. इंद्रा, तनू दोघंही वैतागतात. बास झालं."

व्यापारी त्या रात्री बराच वेळ पडून राहिला. पण खरे सांगायचे तर त्याच्या मनावरचे ओझे जरा हलकेच झाले होते. ज्या वर्षात कशालाच उपाय नव्हता, त्या वर्षात प्रथमच उपाय असलेली अडचण समोर आली होती. जागा नाही? जागा विकत मिळते.

दुसऱ्या दिवशी तो मोटारींच्या दालनात गेला. तिथला तरुण विक्रेता तत्पर होता. "या सर. घरात माणसं किती?"

"पाच," व्यापारी म्हणाला. मग म्हणाला, "चार." मग म्हणाला, "पाचच धरा."

विक्रेत्याने एकवार त्याच्याकडे पाहिले आणि शहाणपणाने सात आसनांची गाडी दाखवायला सुरुवात केली. उंच, भारदस्त, चाके गुडघ्याएवढी. मग दुसरी, तिच्याहून रुंद. मग तिसरी, जिचे मागचे दार बटणाने आपोआप वर जात असे. व्यापाऱ्याने तिन्ही गाड्यांची माहितीपत्रके घेतली. घरी येऊन त्यांवर पेनने खुणा केल्या, इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचले, लांबी-रुंदी ताडून पाहिली, आणि ठरवता येईना. एवढी मोठी वस्तू त्याने आजवर एकट्याने कधी निवडली नव्हती. घरातला फ्रिजसुद्धा दोघांनी मिळून आणला होता. अखेर माहितीपत्रकांची गुंडाळी करून तो सरांकडे निघाला.

सर घराच्या ओट्यावर बसून पिठाच्या जुन्या चाळणीने फक्की चाळत होते. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी पूड. सकाळी वापरायची म्हणून ती ते आदल्या संध्याकाळी चाळून ठेवत. खडा राहिला की रेघ वाकडी येते, असे त्यांचे म्हणणे.

"ये हेमंता. बस. चप्पल लांब काढ, फक्कीत पाय पडेल."

व्यापाऱ्याने माहितीपत्रके ओट्यावर पसरली. शाल्मलीचे बोलणे सांगितले, चाचणीचे सांगितले, तिन्ही गाड्यांचे गुणदोष सांगितले. सर ऐकत होते आणि चाळत होते. त्यांनी चित्रांकडे पाहिलेही नाही.

"सर, तुम्ही इतके संघ बाहेरगावी नेलेत. एका टेम्पोत सोळा पोरं आणि सगळं सामान बसवायचात. तुम्हाला यातलं कळतं. कोणती घेऊ?"

"शाल्मली काय म्हणाली? नेमके शब्द सांग."

"माझ्या सामानाला जागाच नाही, म्हणाली."

"हं." सरांनी चाळणी थोपटली. "रविवारी सकाळी मैदानावर ये. तिघांना आण. सगळं सामान आण, एक मोजाही घरी ठेवायचा नाही. तू दुकानात जातोस तसाच ये, तुझं रोजचं जे असतं ते घेऊन. गाडी मात्र आणू नकोस."

"गाडीशिवाय सामान कसं आणू सर?"

"रिक्षा कशाला असतात?"

रविवारी सकाळी शहराने एक गंमत पाहिली. पंपांचे मोठे व्यापारी हेमंतशेठ सहा आसनी टमटममध्ये ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते, आणि मागे तीन मुले, दोन पिशव्या, बॅट, स्केट आणि एक शिरस्त्राण, तेही टमटमच्या टपाला बाहेरून बांधलेले. "बाबा, आपली जुनी गाडीच बरी होती," इंद्रजित ओरडून म्हणाला. टमटमच्या आवाजात ते व्यापाऱ्याला ऐकू आले नाही, किंवा आले असेल.

मैदानावर सर आधीच उभे होते. त्यांनी फक्कीने जमिनीवर एक लांबट आयत आखला होता. आत पाच चौकोन. पुढे दोन, मागे तीन. मागच्या बाजूला एक अरुंद पट्टी.

"ही तुमची आत्ताची गाडी," सर म्हणाले. "हेमंतानं माप सांगितलं तेच आहे. रेघेबाहेर काही जाता कामा नये. बसा रोज बसता तसे."

मुलांना हा खेळ आवडला. तन्मयने दार उघडल्याचा आवाज तोंडाने काढला आणि मागे मधल्या चौकोनात मांडी घातली. इंद्रजित एका कडेला बसला, शाल्मली दुसऱ्या. मोठी पिशवी तिने मांडीवर घेतली. पिशवीपलीकडची ती दिसेनाशी झाली. पॅड पायांशी, शिरस्त्राण तन्मयच्या मांडीवर, बॅट इंद्रजितच्या आणि तन्मयच्या मधून तिरकी. व्यापारी पुढे उजवीकडच्या चौकोनात बसला. त्याने नकळत हात पुढे करून सुकाणू धरल्यासारखे केले, आणि मुले हसली.

सरांनी शिट्टी फुंकली. "फाउल."

"काय झालं सर?" इंद्रजितने विचारले. "माझा पाय आतच आहे."

"फाउल आहे. नीट बसा."

मुलांनी अदलाबदल केली. इंद्रजित मध्ये आला, तन्मय कडेला. पिशवी पायांशी उभी केली, तर शाल्मलीला पाय वर घ्यावे लागले. सरांनी भोवती एक फेरी मारली. पुन्हा शिट्टी.

"फाउल."

"गोल नाही, बॉल नाही, आणि फाउल कसला?" इंद्रजित पुटपुटला.

"सर, मी डिकीत बसू का?" तन्मयने विचारले.

"डिकीत भोपळे बसतात. उठा सगळे. मोठी गाडी बघू."

सरांनी पायाने रेघा पुसल्या आणि नव्या आखल्या. हा आयत ऐसपैस होता. पुढे दोन चौकोन, मध्ये दोन, मागे तीन. व्यापाऱ्याला मनातून बरे वाटले. ती मधली गाडी होती, त्याने जिच्यावर सर्वांत जास्त खुणा केल्या होत्या ती. सरांनी त्याची पत्रके नजरेआड केली नव्हती तर.

मुले आत धावली. मधल्या दोन चौकोनांत इंद्रजित आणि तन्मय. शाल्मली तिसऱ्या रांगेत गेली.

"आता सामान ठेव," सर तिला म्हणाले.

तिने मागे वळून पाहिले. तिसऱ्या रांगेमागे, रेघेच्या आत, हातभर पट्टी उरली होती. पिशवी तिथे ठेवली तर निम्मी बाहेर.

"तिसरी रांग उघडली की सामानाची जागा जाते," सर म्हणाले. "ही मिटवून ठेवली तर सामान मावतं, पण मग हिला बसायला जागा राहत नाही. हे त्या पोरानं सांगितलं होतं का तुला हेमंता?"

"नाही सर."

"विकणारा उघडलेली रांग दाखवतो, आणि मग मिटवलेली डिकी दाखवतो. दोन्ही एका वेळी दाखवत नाही." हे बोलून सरांनी शिट्टी ओठांना लावली. "फाउल."

आता मात्र व्यापारी वैतागला. तो उजव्या हाताच्या चौकोनात, सुकाणूवर हात ठेवून, समोर बघत बसला होता. दुकान उघडायची वेळ झाली होती. मैदानाच्या कडेने फिरायला आलेली माणसे थांबून पाहू लागली होती. "सर, मी लहान आहे का आता? काय चुकलं ते सांगा ना. या गाडीत सात जागा आहेत. आम्ही चौघंच आहोत. फाउल कसा?"

"तू कधीपासून समोर बघून बसलायस?"

"गाडी चालवताना समोरच बघतात सर."

"गाडी उभी आहे. डावीकडे बघ."

व्यापाऱ्याने डावीकडे पाहिले. त्याच्या शेजारच्या चौकोनात त्याची दुकानाची पिशवी होती. सरळ, पाठ टेकल्यासारखी. तिच्या शेजारी डबा, त्याला लागून पाण्याची बाटली. त्याने त्या वस्तू केव्हा तिथे ठेवल्या, हे त्याला आठवेना.

"मघाच्या गाडीतही ती तिथेच होती," सर म्हणाले. "कुणी ठेवली?"

"मीच असेन."

"इथे गाडी नाही, आसन नाही, नुसती फक्की आहे. तरी हात तिथेच गेला. गाडीत सामानाला जागा नाही म्हणून पोरगी खेळ सोडते आहे, आणि पुढच्या अख्ख्या आसनावर तुझा डबा बसतो?"

इंद्रजितला हसू फुटले, पण ते अर्ध्यावरच विरले. शाल्मली जमिनीकडे पाहत होती. बोलला तो तन्मय, जरा समजावल्यासारखा, कारण सरांना हे माहीत नसावे असे त्याला वाटले.

"सर, ती आईची जागा आहे. तिथे बसायचं नसतं."

"असं कुणी सांगितलं तुला?"

तन्मयने वडिलांकडे पाहिले.

व्यापाऱ्याला तेव्हा ती सकाळ आठवली. तेराव्यानंतरचे पहिलेच मैदान. शाल्मलीचे पॅड ओले होते, मागे ठेवले तर भावांचे कपडे भिजतील म्हणून तिने पुढचे दार उघडून ते पुढच्या आसनावर ठेवले. तो ओरडला होता, "तिथे नाही!" दोनच शब्द. पण तशा आवाजात तो घरात कधी बोलला नव्हता. तिने पॅड उचलले आणि ओलेच मांडीवर घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिथे आपली पिशवी ठेवायला सुरुवात केली. पुन्हा ओरडावे लागू नये म्हणून. मग ती सवय झाली, आणि सवय झाली तशी दिसेनाशी झाली. त्या आसनावर बसून त्याची पत्नी सोललेल्या मोसंब्याच्या फोडी मागे न बघताच मागे देत असे, आणि कुठली फोड कुणाच्या हातात पडली हे तिला बरोबर कळे. ती बुटकी होती. आसन नेहमी पुढे ओढून बसे. आसन अजून तिथेच होते, तिने ओढले होते तिथे.

"शाल्मली," तो वळून म्हणाला.

ती मागच्या रांगेतून बोलली. आवाज साधाच होता. "तुम्ही ओरडलात ना बाबा, तेव्हा मला वाटलं की माझा खेळ आईच्या जागेवर चढून बसतोय. माझंच सामान सगळ्यांत मोठं. मी असले की तुम्हाला तेच दिसत असणार. म्हणून म्हटलं, सोडूनच द्यावा."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांचा कबड्डीचा दम ऐकू येत होता.

सर पुढे आले आणि रेघेबाहेर उकिडवे बसले. त्यांचे गुडघे वाजले. "मी रोज फाटकाशी उभा असतो, हेमंता. तुझी गाडी थांबते. तीन दरवाजे उघडतात, चौथा उघडत नाही. वर्षभर बघतोय. म्हटलं, याचं दुःख आहे, याला वेळ घेऊ दे. पण आता पोरीची चाचणी आली. मला एक सांग. पाटीवर चौकोनात बसलेला गडी खो मिळून उठला, तर त्याच्या चौकोनाचं काय करायचं?"

व्यापाऱ्याने शाळेतल्यासारखे उत्तर दिले. "ज्यानं खो दिला त्यानं तिथे लगेच बसायचं, सर."

"नाही बसला तर?"

"फाउल."

"का? उठलेला गडी चांगला होता. सगळ्यांत चांगला होता, समज. त्याच्या मानासाठी चौकोन मोकळा ठेवू. का नाही ठेवायचा?"

व्यापाऱ्याची नजर शेजारच्या पिशवीकडे गेली.

"कारण उठलेला ज्या कामाला उठला, ते त्याचं त्याला माहीत. तो गेला. आता आपल्याला त्याची पाठ दिसते, तीही थोडा वेळ. मागे जी पाटी राहिली ती चालती ठेवायची तर जागा भरावी लागते. बसणारा कुणाची जागा बळकावत नाही, हेमंता. उठलेल्यानं जे मांडलं होतं ते तो धरून ठेवतो. तू चौकोन राखलास. प्रेमानंच राखलास, त्यात मी दोष धरत नाही. पण तुझी राखण पोरांना मनाई वाटली, आणि पोरगी पाटीवरून उठून घरी चालली होती." सरांनी समोरच्या मोठ्या आयताकडे हात केला. "गाडी जरूर घे. पोरं वाढतायत, त्यांचे पाय काही आखूड व्हायचे नाहीत. पण आत्ता जसं चाललंय तसंच ठेवून मोठी गाडी घेतलीस तर सातांतल्या एका आसनावर तुझा डबा बसेल आणि ही मागे हातभर पट्टीशी भांडत बसेल. मोठ्या गाडीत रिकामी जागाही मोठी होते."

मग ते उठले. व्यापाऱ्याची पिशवी, डबा, बाटली त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवली आणि वाट पाहत उभे राहिले.

मुलांपैकी कुणी हलेना. त्यांना मनाई दोन शब्दांनी झाली होती. ती नुसती पिशवी उचलल्याने उठणार नव्हती.

ते व्यापाऱ्याच्या लक्षात आले. तो आपल्या चौकोनातून उठला, रेघांवरून पाय टाकत मागच्या रांगेशी गेला, आणि शाल्मलीच्या पाठीमागे उभा राहिला. क्षणभर त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो तिच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "खो."

"ऐकू आला नाही," सर दुरून म्हणाले. "हळू दिलेला खो धरत नाहीत."

"खो!" व्यापारी ओरडला. आवाज फुटलाच थोडा, पण मैदानभर गेला.

शाल्मली ताडकन उठली. खेळणाऱ्या मुलीचे अंग मनाआधी उठते. ती भावांच्या मधून पुढे गेली आणि डावीकडच्या त्या चौकोनात बसली. गुडघे छातीशी घेऊन, समोर बघत. तिची मोठी पिशवी मागे तिच्या जागी पडली होती.

व्यापारी उभाच होता. सरांच्या शिट्टीचा हात वर जाऊ लागला, तशी त्याला नियमाची आठवण झाली. ज्याने खो दिला त्याने उठलेल्याच्या जागी बसायचे. तो पिशवी बाजूला सारून मागच्या चौकोनात बसला. गुडघे पुढच्या रेघेला टेकले, पिशवीची कड बरगडीला लागली, आणि आपली मुलगी वर्षभर कुठे बसत होती हे त्याला अंगाने कळले.

"बाबा," तन्मय मागे वळून म्हणाला, "तुम्ही मागे, ताई पुढे. मग गाडी कोण चालवणार?"

इंद्रजित हसला. मग शाल्मली हसली, पाठमोरी. व्यापाऱ्यालाही हसू आले, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसायला वेळ लागला. सर तेवढ्यात कबड्डीच्या मुलांवर ओरडायला दुसरीकडे गेले होते.

व्यापाऱ्याने पुढे गाडी घेतली. कोणती घेतली, हे सांगण्यात अर्थ नाही. ज्याची पोरे आणि ज्याचे सामान त्याने ते आपल्या अंगणात फक्कीने आखून पाहावे. एवढे मात्र सांगता येईल, की दालनातल्या विक्रेत्याने पुन्हा विचारले, "माणसं किती?" तेव्हा त्याने "चार" म्हटले, आणि तिघांना आत बसवून, सामान आत घालून, सगळी दारे लावून मगच बाहेरचा रंग पाहिला.

पण ते नंतर. त्या सोमवारी सकाळी जुनीच गाडी होती. व्यापाऱ्याने आपली पिशवी पायांमागे सरकवली. मुले सवयीने मागच्या दाराशी गेली. शाल्मली थबकली, मग वळसा घालून पुढे आली आणि तिने ते दार उघडले. बिजागरी वर्षभर न उघडल्यासारखी करकरली. ती आत शिरली, पण नीट बसता येईना. तिचे गुडघे समोरच्या फळीला टेकले. आईपेक्षा ती केव्हाच उंच झाली होती.

ती तशीच अवघडून बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, सीट मागे घेऊ?"

व्यापाऱ्याने सुकाणूवर हात ठेवला होता. समोर रस्ता होता. त्याने या वेळी डावीकडे पाहिले.

"घे," तो म्हणाला. "तुला पुरेल एवढी घे."

तिने खालचा खटका ओढला. आसन किरकिरत मागे सरकले आणि एके ठिकाणी खट् करून थांबले. "ताई, माझे पाय!" मागून तन्मय ओरडला, आणि रोजचे भांडण नव्या जागी नव्याने सुरू झाले.

मैदानाच्या फाटकाशी सर उभे होते. गाडी थांबली. चारही दरवाजे उघडले. सरांचा हात शिट्टीकडे गेला, आणि ती न वाजवताच त्यांनी सोडून दिली.